तेंदूपत्ता, ऊन आणि सिकलसेल

प्रश्न : मुलाला सिकलसेल आहे. तेंदूपत्ता तोडायला गेला की हातपाय ठणकतात. डॉक्टर म्हणतात, पाणी पी. रक्ताच्या आजारात पाणी काय करणार?
– एक आई, धानोरा (जि. गडचिरोली)

उत्तर : बरंच करतं, ताई. तांबड्या पेशीच्या आवरणात पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर नेणारी प्रथिने असतात. त्यांतल्या एकाचे जनुक एसएलसी१२ए४, सोळाव्या गुणसूत्रावरचे. सिकलसेलमध्ये ही वाहतूक फाजील वाढते. क्षारांमागोमाग पाणीही जाते, आतले हिमोग्लोबिन दाटते आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ती बारीक वाहिनीत अडकली की कळा सुरू. त्यात मे महिन्याचा घाम! म्हणून तहानेची वाट पाहू नये. पहाटे जाऊन ऊन चढायच्या आत परतावे. पाणी हे औषध मात्र नव्हे. हायड्रॉक्सियुरिया लिहून दिले असेल तर चुकवू नका. ताप आला, छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठा.