थांबा शेवटच्या गाडीपासून मोजा

गटाने राइडला निघालेल्यांचा चहाचा थांबा जरा लक्ष देऊन बघावा. पुढचे तिघं-चौघं टपरीवर येऊन वीस मिनिटं झालेली असतात. हेल्मेट आरशाला अडकवलेली, चहा झालेला, भजीची प्लेटही रिकामी. तेवढ्यात शेवटची स्कूटर येते. ती स्टँडवर लागते न लागते तोच ‘आले, आले, चला’ म्हणत पुढचे हातमोजे चढवू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. दोन-तीन थांबे असे गेले की गटातला सर्वांत कच्चा स्वार हाच सर्वांत थकलेलाही असतो, आणि नेमका तेव्हाच घाट सुरू होतो.

ताम्हिणी घाटातला एक अपघात मी असाच घडताना पाहिला. पुण्याहून दिवेआगरला निघालेला मित्रांचा गट. दोन बुलेट, एक ड्यूक, एक-दोन पल्सर, एका ॲक्टिव्हावर नवरा-बायको आणि नवी कोरी बाइक घेतलेला एक तरुण. त्याला शहरातली सवय चांगली होती, घाटाची अजिबात नव्हती. पौड मागे पडल्यावर पुढचे सुटले. हा मुळशीजवळ ट्रकमागे अडकला आणि वाट मोकळी होताच त्यांना गाठायला निघाला. पाऊस थांबलेला होता, पण एका डाव्या वळणावर झाडांच्या सावलीत रस्त्याचा हातभर पट्टा ओला आणि हिरवट राहिला होता. त्याने वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला. मागचं चाक त्या शेवाळावरून सरकलं आणि बाइक त्याच्यासकट घसरत पलीकडच्या कठड्यापर्यंत गेली. समोरून त्या क्षणी एसटी आली नाही, एवढंच नशीब. कॉलरबोन मोडलं. मागून येणारे आम्ही त्याच्यापाशी थांबलो, पण मोबाइलला रेंज नव्हती. पुढच्यांना पत्ता लागला तो खाली विळ्याच्या फाट्यावर, बराच वेळ कोणीच येईना म्हणून.

गाठायच्या या घाईचा हिशेब कागदावर मांडला की तिचा धोका कळतो. पुढचे ताशी 60 किलोमीटरने चालले आहेत आणि मागचा दोन मिनिटं अडकला, तर अंतर पडतं दोन किलोमीटर. ते भरून काढायला त्याने 80चा वेग धरला तर सहा मिनिटं लागतात, म्हणजे आठ किलोमीटर सलग 80ने. ताम्हिणीत एवढा वेग मुरलेल्या स्वारानेही धरू नये. पुढच्याला संथ वाटणारी राइड मागच्याला अशी धावपळीची होते. गावातले गतिरोधक, फाटे, टेम्पो, प्रत्येक अडथळ्यागणिक रांग ताणली जाते आणि तो ताण शेवटच्यावर येऊन पडतो.

म्हणून रांगेचा क्रम निघण्याआधीच ठरवावा. पुढे वाट माहीत असलेला आणि मुख्य म्हणजे हात आवरता येणारा स्वार. त्याच्या लगेच मागे नवखे आणि स्कूटरवाले, म्हणजे आरशात पाहून वेग त्यांच्या बेताने ठेवता येतो. सर्वांत शेवटी गटातला सर्वांत अनुभवी माणूस. पंक्चर किट आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याकडेच हवी. पुढे पंक्चर झालं तर त्याला येऊन मिळता येतं. मागे झालं तर किट घेऊन पुढे गेलेल्याला बोलावणार कसं? गाड्या सात-आठच्या वर गेल्या तर दोन गट करावेत, प्रत्येकाला आपला पुढचा आणि आपला शेवटचा. दोन गाड्यांत किमान दोन सेकंदांचं अंतर. 60च्या वेगाला ते तेहतीस-चौतीस मीटर भरतं. सरळ रस्त्यावर डावी-उजवी बाजू आलटून पालटून चाललं तर चालतं, घाटात मात्र एकामागे एक.

फाट्यांसाठी एक साधी पद्धत फार उपयोगी पडते. विळ्याला एक रस्ता कोलाडकडे जातो, दुसरा निजामपूरवरून माणगावला. तिथे पुढच्याच्या मागचा स्वार बाजूला थांबतो, येणाऱ्यांना हाताने वाट दाखवतो आणि शेवटची गाडी दिसली की तिच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर हेच काम आपोआप दुसऱ्याकडे जातं. मग मागे पडलेल्याला चुकण्याची भीती उरत नाही, आणि भीती नसली की तो वेग वाढवत नाही. ही पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिला रेंज लागत नाही.

उतारावर स्कूटरचा वेगळा विचार करावा लागतो. गिअरची बाइक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर रोखून धरता येते. स्कूटरला ती सोय फारच थोडी, सगळा भार ब्रेकवर. त्यातून मागे माणूस आणि सामान असलं की ब्रेक तापून पकड सुटू लागते. तेव्हा घाट उतरताना मध्ये एक थांबा स्कूटरसाठीच ठेवावा. पेट्रोलचंही तसंच. ॲक्टिव्हाची टाकी पाच लिटरच्या आसपास असते. पंप कुठे घ्यायचा ते तिच्याकडे बघून ठरवावं.

कोणी पडलंच तर हेल्मेट ओढून काढू नये, मानेला इजा असू शकते. श्वास अडत असेल तरच, दोघांनी मिळून, मान स्थिर धरून काढावं. एकाने वळणाच्या अलीकडे जाऊन गाड्या थांबवाव्यात, एकाने रेंज मिळेपर्यंत जाऊन 108 किंवा 112ला कळवावं. कोण काय करणार, हे निघतानाच, पुण्यातल्या चांदणी चौकात, बोलून घ्यायला हवं.

आणि जेवणाची वेळ. दिवेआगरच्या घरगुती खानावळींत आदल्या दिवशी फोन करून ताटं सांगावी लागतात, आणि ‘एकला पोचतो’ असं सांगितलं की सकाळपासून सगळा गट त्या एकच्या मागे धावतो. नाश्ता लांबला, कुठे पाऊस लागला, की तो वेळ घाटातच भरून काढला जातो. खानावळीला अडीचची वेळ द्यावी, आणि थांब्यावरची वीस मिनिटं शेवटची गाडी स्टँडवर लागल्यापासून मोजावीत.