आधी तिथी, मग शीड

बाय, बोटीवर काय काय न्यायचं त्याची यादी तू फोनवर वाचून दाखवलीस. चांगली आहे. पण यादीच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय उघड. निघायच्या दिवशी तिथी कोणती?

आपल्या किन्हवली गावात तिथी बघतात ती संकष्टी, एकादशी आणि लग्नासाठी. किनाऱ्यावर तिथीवरून पाणी कळतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास पाणी पुरतं चढलेलं असतं, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण. मला हे नौदलात कोणी शिकवलं नाही, एका म्हाताऱ्या कोळी नाखव्याने शिकवलं आणि त्याला त्याच्या आजाने. हिशोब अर्ध्यापाऊण तासाने मागेपुढे होतो, बंदरागणिक बदलतो, म्हणून छापील कोष्टक जवळ हवंच. पण कोष्टकात वाचलेला आकडा बरोबर पानावरचा आहे का, हे तिथीवरून लगेच ताडता येतं. चुकीच्या महिन्याचं पान उघडून बसलेले साहेबलोक मी पाहिले आहेत.

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या पुढे चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग. चढ-उतार कमी, म्हणून ओढही कमी. पाणी सहा तास सारख्या वेगाने वाहत नाही, हे मात्र ध्यानात ठेव. चढाचे बारा भाग कर. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चार मीटर ऐंशी सेंटिमीटरचं उधाण असेल तर पहिल्या तासाला चाळीस सेंटिमीटर आणि तिसऱ्याला एक मीटर वीस. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. खाडीच्या तोंडाशी, खडकाजवळ, अरुंद जागी त्या दोन तासांत काम काढू नये.

आता तुझी मुंबई ते गोवा ही सव्वादोनशे सागरी मैलांची वाट. पाच नॉटने गेलीस तर पंचेचाळीस तास, म्हणजे दोन रात्री धरून चाल. माझं ऐकशील तर दिवाळीनंतरची शुद्ध सप्तमी धर. सप्तमीला पहाटे सव्वापाचला भरती पूर्ण होते, उजाडता उजाडता ओहोटी लागते आणि तुला बंदराबाहेर काढते. त्या वेळी मतलई वारा जमिनीकडून येतो, म्हणजे वारा आणि पाणी एकाच दिशेने. दुसऱ्या तिथीला निघून ओहोटी दुपारी धरलीस तर समुद्राकडून येणारा खारा वारा पाण्याच्या तोंडावर बसतो आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. उंचीने फार नसतात, पण दोन लाटांत बोटीला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. शुद्ध पक्ष अशासाठी की दोन्ही रात्री निदान मध्यरात्रीपर्यंत चांदणं असतं. मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला खुंटांना बांधलेली डोल जाळी असतात, त्यांचे बोये चांदण्यात दिसतात. आणि ते बोये नुसते चुकवू नकोस, वाच. डोल भरती-ओहोटीच्या ओढीवरच चालते. बोया ज्या अंगाला कलून मागे फेस सोडतो, त्या अंगाला पाणी चाललं आहे. नांगरलेला मचवाही तेच सांगतो, वारा पडलेला असेल तर त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाहत्या पाण्याला सामोरी असते.

काळू आणि शाई तू पावसाळ्यात पाहिल्या आहेस. भरल्या नदीत पलीकडे जाणारा जाणता माणूस समोरच्या झाडाकडे तोंड करत नाही, झाडाच्या बऱ्याच वरच्या अंगाला करतो, तेव्हा कुठे झाडाशी लागतो. तेच पाणी उल्हासातून वसईच्या खाडीत जातं आणि समुद्रातही नियम तोच राहतो, फक्त समोर झाड नसतं. म्हणून आकड्याने करायचं. आडव्या पाण्याचा वेग भागिले बोटीचा वेग, गुणिले साठ. पाण्याला एक नॉट, बोटीला पाच, तर नाळ बारा अंश पाण्याच्या वरच्या बाजूला ठेव. दोन नॉट असेल तर चोवीस. वारा पडून बोट तीन नॉटवर आली तर तेच एक नॉट पाणी वीस अंश मागतं. हळू चालणारी बोट जास्त वाहवते, हे शिडावाल्यांनी विसरून चालत नाही.

पाण्याला किती जोर आहे हे कळायचं कसं? होकायंत्रावर नाळेची दिशा आणि पाण्यातला वेग बघ, मग जीपीएसवर प्रत्यक्ष वाट आणि वेग बघ. दोन्हींतली तफावत म्हणजे मुख्यतः पाणी, थोडा वाऱ्याचा धक्का. दर तासाला चारही आकडे वहीत लिही, पेन्सिलीने, कारण शाई पसरते. होकायंत्राजवळ फोन, स्पीकर, कोयती काही ठेवायचं नाही. मुंबईजवळ चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे इथे शिकलेल्या माणसाला तो फरक माहीतच नसतो. केपटाउनजवळ तो पंचवीस अंशांच्या घरात जातो.

किनाऱ्यालगतचा मोठा प्रवाह ऋतूप्रमाणे पलटतो. पावसाळ्यात तो आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जातो, थंडीत उत्तरेकडे. म्हणजे दिवाळीनंतर गोव्याला जाताना तो तुझ्या विरुद्ध असेल. जोर फार नाही, पण अर्धा नॉट धरलास तरी दोन दिवसांत चोवीस मैल गेले, जवळजवळ पाच तास. तेवढं पाणी आणि खाणं जास्त घे. त्याच अरबी समुद्राच्या पलीकडच्या काठाला, सोमालियाजवळ, नैऋत्य मोसमात प्रवाह सहा-सात नॉटपर्यंत जातो, शिडाच्या लहान बोटीपेक्षा पाणी जोरात. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे अगुल्हास प्रवाह नैऋत्येकडे धावतो आणि समोरून नैऋत्येचं वादळ आलं की लाटा अशा उभ्या होतात की मोठी जहाजंही मोडली आहेत. तिथले लोक वादळात किनाऱ्याकडे, दोनशे मीटर खोलीच्या रेषेच्या आत सरकतात, कारण प्रवाहाचा जोर त्या रेषेच्या बाहेर असतो. तुला एवढ्यात तिकडे जायचं नाही, तरी सांगून ठेवतो, कारण आपली माणसं तिकडेही गेली आहेत. दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि मे 2010 मध्ये पृथ्वीला फेरी घालून परतले. त्यांची बोट 'म्हादेई' गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. घराजवळच्या माणसांनीच केलेलं काम आहे हे.

खाडीत शिरण्याचं एकच सांगतो. बाणकोट असो, दाभोळ असो की मांडवीच्या तोंडाचा आग्वाद, तोंडाशी वाळूचा बार असतो. बाहेर फुगवटा असताना ओहोटीत बारावरून आत जायचं नाही. भरतीचा शेवटचा दीड तास धर. त्यात उशीर झाला तर बाहेर खोल पाण्यात रात्र काढ. बंदराचे दिवे समोर दिसत असताना बाहेर थांबणं जिवावर येतं, आणि माणसं तिथेच बोटी घालवतात. गोव्यात भरती जेमतेम दोन मीटर चढते, मुंबईचा अंदाज तिथे लावू नकोस.

आता तुझी यादी. तिच्यात वस्तू आहेत, पण कुठली कुठे राहणार ते नाही.

लाइफ जॅकेट कपाटात नाही, अंगावर. हवेने फुगणारं असेल तर आदल्या रात्री तोंडाने फुगवून ठेव, सकाळी सैल पडलं तर ते नको. आतली गॅसची नळी हाताने घट्ट पिळून बघ आणि काट्यावर तोल, भरल्या नळीचं वजन तिच्यावर छापलेलं असतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा लावायचाच. तो नसला तर पाण्यात जॅकेट वर सरकून कानांशी येतं आणि माणूस खाली राहतो. शिट्टी आणि दिवा जॅकेटला बांधलेले हवेत. तुला पोहता येतं म्हणून हे सांगायची गरज नाही असं समजू नकोस. मे 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईसमोर पी-305 ही तराफा-बोट बुडाली. सत्तरहून अधिक माणसं गेली, आणि जे वाचले त्यांतले कितीतरी जण रात्रभर खवळलेल्या पाण्यात जॅकेटच्या जोरावर तरंगत होते, नौदलाची जहाजं येईपर्यंत. हवामान खात्याचा इशारा निघण्याआधी आणि नंतर दर सहा तासांनी ऐक. अरबी समुद्रात वादळं मे-जूनमध्ये येतात तशी ऑक्टोबर-नोव्हेंबरातही येतात, म्हणजे तुझ्या दिवाळीच्या आसपासच.

जॅकेटपेक्षाही मी हार्नेसच्या दोरीला मान देतो. पाण्यात पडलेल्याला जॅकेट तरंगत ठेवतं, दोरी मुळात पडू देत नाही. डेकवर पुढून मागेपर्यंत चपटा पट्टा ताणून बांध. गोल दोर नको, पायाखाली घरंगळतो. केबिनच्या दारातून बाहेर येण्याआधी हूक अडकवायचा, आल्यावर नाही. कठड्याच्या तारेला कधी अडकवू नकोस. दोरी आखूड ठेव, म्हणजे तोल गेला तरी डेकवरच आपटशील. लांब दोरीने माणूस बोटीबाहेर पडून बोटीच्याच वेगाने पाण्यात फरफटतो आणि बांधलेला असून बुडतो. रात्री, आणि एकटी पहाऱ्यावर असशील तेव्हा, लघवीलासुद्धा हूक काढायचा नाही. हसू नकोस, पुरुष खलाशी त्याही वेळी पडतात.

माणूस पडला तर काय, याचा सराव नारळाने कर. नारळ पाण्यात टाक. तो लांबून माणसाच्या डोक्यासारखाच दिसतो. एकाने ओरडायचं आणि पडलेल्याकडे हाताचं बोट रोखून ठेवायचं, त्या बोटाचा धनी दुसरं कुठलंही काम करणार नाही. दुसऱ्याने गोल बोया फेकायचा, तिसऱ्याने जीपीएसवर जागा नोंदवायची, मग बोट वळवायची. लाटांत नारळ किती लवकर दिसेनासा होतो ते एकदा बघ. नंतर कोणाला दोरीचा कंटाळा येणार नाही.

तळाशी जिथे जिथे पाण्याचा झडपदार नळ आहे, तिथे त्याच मापाचा लाकडी गुटका सुतळीने बांधून ठेव. नळी निखळली तर काळोखात शोधाशोध नको. पंप दोन हवेत, त्यातला एक हाताने चालणारा, शिवाय दांड्याची मजबूत बादली. सुकाणूचा सुटा दांडा घे आणि बंदरात असतानाच लावून बघ. 'तारिणी' घेऊन 2017-18 मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सोबतिणी पृथ्वीला फेरी घालत होत्या, तेव्हा सुकाणूच्या बिघाडापायी त्यांना मॉरिशसला शिरावं लागलं. चांगल्या बोटीलाही असं होतं.

संकटाचे बाण-दिवे मुदतीतले हवेत, मुदत साधारण तीन वर्षं असते. छत्रीवाला लाल बाण तीनशे मीटर वर जातो आणि चाळीस सेकंद जळतो. हातातला मिनिटभर. नारिंगी धूर तीन मिनिटं, तो दिवसासाठी. जहाज किंवा विमान दिसल्याशिवाय उडवायचे नाहीत, आणि हातातला दिवा वाऱ्याखालच्या बाजूला, बोटीबाहेर धरायचा. व्हीएचएफ सोळा नंबरवर ठेव. त्यावर मेडे तीनदा, बोटीचं नाव, जागा, काय झालं, माणसं किती, या क्रमाने बोलायचं, आणि हा क्रम रेडिओजवळ मराठीत लिहून चिकटवायचा. घाबरलेल्या माणसाला इंग्रजी आधी सोडून जाते. उपग्रहाशी बोलणारा ईपर्ब घेशील तर त्याची नोंदणी करून घे. नोंद नसली तर शोधणाऱ्यांना कोण, किती, कोणती बोट, काही कळत नाही.

आणि तराफा. बोट प्रत्यक्ष बुडायला लागल्याशिवाय तराफ्यात उतरायचं नाही. 1979 च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळ आलं आणि शर्यतीतली पंधरा माणसं गेली. माणसांनी सोडून दिलेल्या बऱ्याच बोटी नंतर तरंगताना सापडल्या. सप्टेंबर 2018 मध्ये अभिलाष टॉमी एकट्याने पृथ्वीला फेरी घालायच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात होते, बोट उलटली, डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली. ते बोटीतच पडून राहिले, जागा कळवत राहिले आणि तिसऱ्या दिवशी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पण 2022 मध्ये त्याच शर्यतीत टापिओ लेहतिनेन यांची बोट काही मिनिटांत तळाला गेली. तराफा हाताशी होता म्हणून ते उरले. तेव्हा उतरायची घाई नको, पण तराफा असा ठेव की दोन माणसं एका मिनिटात पाण्यात टाकतील. त्याची दोरी आधी बोटीला बांधलेली हवी, नाहीतर फुगलेला तराफा वाऱ्याबरोबर एकटाच जातो.

शेवटचं काम जमिनीवरचं. एका कागदावर बोटीचं नाव, रंग, माणसांची नावं, निघायची वेळ, वाटेतली बंदरं आणि पोचायची वेळ लिही. खाली लिही की पोचायच्या वेळेनंतर सहा तास फोन आला नाही तर तटरक्षक दलाला 1554 वर फोन करायचा. हा कागद आजीकडे देऊ नकोस, ती सहा मिनिटं थांबणार नाही. तुझ्या बापाकडेही नको, तो सहा दिवस थांबेल. माझ्याकडे पाठव. आणि पोचल्यावर आधी मला फोन कर, मग फोटो टाक.