डब्यातलं ओझं कोणावर?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 3, श्लोक 11 ते 13.

इथे भगवंत यज्ञाबद्दल बोलतात. देवांनी आणि माणसांनी एकमेकांना पोसावं, त्यातच दोघांचं कल्याण आहे. मिळालेलं परत न देता जो नुसता भोगतो, तो चोर. आणि जो फक्त स्वतःसाठी रांधतो, तो पापच खातो. शब्द कडक आहेत ना? हे तीन श्लोक ग्रुपच्या सहलीला लावून पाहू.

समजा, दहाबारा जणांनी ट्रेनने पंढरपूरला जायचं ठरवलंय. कासुर्डीकडून निघालात तर यवत किंवा दौंडला गाडी धरायची, भिगवणवरून कुर्डुवाडी गाठायची आणि तिथे गाडी बदलायची. खिडकीतून ऊस दिसतो. भिगवणच्या बाजूला उजनीचं पाणी पसरलेलं आहे, हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते, तो रस्ताही याच भागातला. म्हणजे सहल म्हटली तरी वाट वारीचीच.

आता कुर्डुवाडीची गोष्ट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या ब्रिटिश इंजिनिअरने 1897 मध्ये इथून बार्शीपर्यंत छोटी रेल्वे सुरू केली, ती बार्शी लाइट रेल्वे. रुळांमधलं अंतर फक्त 762 मिलिमीटर. 1906 मध्ये हीच गाडी पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची सोय झाली. आज तिथे ब्रॉडगेज आहे.

पैसे वाचवायचे म्हणून रूळ हलके घातले होते. हलक्या रुळावरून जड गाडी न्यायची कशी? कॅलथ्रॉपने नियम केला की चाकांच्या कोणत्याही जोडीवर 5 टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. डबा असो, मालाची वाघीण असो की इंजिन, सगळ्यांना हाच नियम. इंजिन तर जड असणारच, म्हणून त्याला चाकं जास्त दिली आणि वजन वाटून टाकलं. त्यामुळे हलक्या रुळावरूनही भरपूर माल आणि माणसं गेली.

आता आपल्या ग्रुपकडे बघू. तिकिटं कोण काढतं? पोळ्या कोण लाटतं? कोणाच्या आजीचा हात कोण धरतं? बहुतेक वेळा या सगळ्याला एकच नाव असतं. बाकीचे खिडकी पकडतात, फोटो काढतात, डबा उघडला की हात पुढे करतात. ती ताई किंवा तो दादा काही बोलत नाही. पुढच्या वर्षी मात्र "मला जमणार नाही रे" असा मेसेज येतो, आणि आपण म्हणतो, तिला आता भक्तीची आवड राहिली नाही! खरं तर तिची भक्ती आटलेली नसते. सगळा भार एकाच जोडीवर आलेला असतो.

तेराव्या श्लोकातलं "स्वतःसाठी रांधणं" असंही असू शकतं. दुसऱ्याने रांधलेलं खायचं आणि त्याच्यासाठी काहीच करायचं नाही, हा त्याचाच एक प्रकार.

पण वाटून घेणं म्हणजे सगळ्यांनी एकसारखं काम करणं नव्हे. आजी बॅग उचलू शकणार नाही, पण गाडी सुटली की हरिपाठ तीच सुरू करेल. ज्याचा पगार बरा आहे, तो कॉलेजातल्या मित्राचं तिकीट न बोलता काढेल. ज्याला नेहमी खिडकी मिळते, तो उठून जागा देईल. ज्याच्याकडे जे आहे ते त्याने घालावं, तोच या प्रवासातला यज्ञ.

आजचा अभ्यास

1. तुमच्या ग्रुपमध्ये नेहमी कामं करणारी व्यक्ती कोण? तिला आज फोन करा.
2. नुसतं "थँक्यू" म्हणून थांबू नका. पुढच्या वेळचं तिचं एक काम मागून घ्या.
3. घरातही हेच बघा. सहलीचा डबा पहाटे उठून आई भरते, ती स्वतः शेवटची निवांत कधी फिरायला गेली होती?

प्रार्थना

पांडुरंगा, तुझ्याकडे येताना आमचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून येऊ नये, एवढी बुद्धी दे. जे दिलंस ते वाटायला शिकव.

उद्या श्लोक 14 पासून पुढे वाचू. रामकृष्ण हरी!