तंबोरा ने, पखवाज घरी ठेव

भोपाळ

प्रिय भाच्या,



उपासनेत तंबोरा-पखवाज आणायचं तुम्ही तरुणांनी ठरवलंत आणि मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी दानीएलाचा तिसरा अध्याय पुढे केला. नबुखद्नेस्सराच्या मूर्तीपुढे वाद्यं वाजली, म्हणून ती नकोत, असं त्यांचं म्हणणं. त्यांना गप्प करायला तुला स्तोत्र १५० हवंय. बाळा, वचन हे काही काठी नव्हे.

दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाच. शिंग, बासरी, तंतुवाद्य इथेही आहेत, तिथेही. वाजतंय कुणापुढे, एवढाच फरक. वीणा वाजवणाऱ्यांचा मूळपुरुष युबाल काइनाच्या वंशातला. पण दावीदाने वीणा वाजवली की शौलाला आराम पडे. आणि तू सोयीने विसरू नकोस: सोन्याच्या वासरापुढेही गाणंच चाललं होतं. आमोसाच्या काळी तर देवाला त्याच्याच लोकांची गीतं नकोशी झाली, कारण न्याय उरला नव्हता.

इथे भोपाळात १९८१ साली ध्रुपद केंद्र सुरू झालं, उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर शिकवू लागले. त्याच परंपरेतल्या एका गुरूंकडे मी बसलो. कितीतरी दिवस नुसता षड्ज. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवायचा, तार बोलू लागेपर्यंत. आलाप मी मोकळ्या मनाने गायलो. देवतेला आळवणारं पद आलं तेव्हा गुरूंना माझी अडचण सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. तशीच तूही त्या वडीलधाऱ्यांची अडचण ऐकून घे.

त्या वडीलधाऱ्यांच्या आजोबांनी देऊळ सोडलं ते भाऊबंदांसकट. पखवाजाची थाप त्यांना अजून त्या दारात नेत असेल. म्हणून तू आधी करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाच. मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयी पौल बरोबर होता, तरी भावाच्या विवेकासाठी तो ते सोडायला तयार होता.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या सेवेला लावलं, तेही तुमच्या नगरात राहून. रविवारी दुपारी एकटाच त्या वडीलधाऱ्यांच्या घरी जा. पखवाज नको, तंबोरा ने. टिळकांचा एक अभंग सावकाश गा, शब्द कळतील असा. ख्रिस्ताचं वचन आधी आपल्यात भरपूर राहावं, मग गाणं, हा कलस्सैकरांच्या पत्रातला क्रम आहे. मग त्यांच्या लहानपणचं, पेटीवर म्हटलेलं गीत विचार आणि त्यांच्या सुरात सूर मिळवून तेही गा.

तुझा,
मामा