वळीव, ओढा आणि शाळा सुटण्याची वेळ

शाळेच्या अंगणात ऊन असावे आणि जवळच्या ओढ्याला लोंढा यावा, हा प्रकार आपणांपैकी पुष्कळ शिक्षकांनी पाहिला असेल. पाऊस येथे पडलेलाच नसतो; तो वरच्या अंगाला, डोंगरात पडलेला असतो. परिसर अभ्यासात पावसाचा पाठ घेताना हीच गोष्ट मुख्य धरावी, असे मला वाटते.

एकटा गर्जन्मेघ विस्ताराने थोडा, काही किलोमीटरांचा, आणि त्याचे आयुष्य साधारणतः तासाभराचे. म्हणून तो उद्या नेमका कोणत्या गावावर बरसेल, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. हवेत बाष्प भरपूर आहे, खाली उष्मा व वर गारवा आहे, सबब जिल्ह्यात विजांसह पावसाचा संभव आहे, एवढेच सांगता येते. मेघ उभा राहून त्यात पाऊस धरू लागला, म्हणजे मात्र तो रडारला दिसतो. थेंबांवर आपटून परतलेल्या लहरींवरून पाऊस कोठे व किती जोराचा आहे, हे डॉप्लर रडार ओळखते. त्या आधारे भारतीय हवामानशास्त्र विभाग पुढील तीन तासांपुरता जिल्हावार अंदाज देतो. त्यातील पिवळा रंग लक्ष ठेवण्याचा, नारिंगी सज्ज राहण्याचा आणि तांबडा प्रत्यक्ष कृती करण्याचा होय. एकामागून एक मेघ त्याच डोंगरावरून सरकू लागले, म्हणजे पुराचे भय विशेष.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूस थोड्या वेळात मुसळधार पाऊस झाला व पुण्यातील आंबिल ओढ्याला पूर आला. पुणे शहर व परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक माणसे दगावली. एरवी ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, असा तो ओढा!

वरच्या वर्गाला याचे गणित घालावे. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर धरले आणि तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर २५ कोटी लिटर पाणी पडते. निम्मे जमिनीत मुरले, तरी साडेबारा कोटी लिटर त्या चिंचोळ्या पात्रातून जावयाचे. उत्तर फळ्यावर लिहिल्यावर वर्ग क्षणभर गप्प होतो, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक अनुभव सांगतो. तो भूषणावह नाही. मी नवखा शिक्षक असताना एके दुपारी डोंगराकडे आभाळ काळवंडले, गडगडाट ऐकू येऊ लागला. पाऊस येण्यापूर्वी मुले घरी पोहोचावीत, या सद्हेतूने मी शाळा लवकर सोडली. वाडीची सात मुले फरशीवर पोहोचली आणि लोंढाही त्याच वेळी आला. एका गुराख्याने ओरडून त्यांना मागे फिरविले, म्हणून ती वाचली. मी मुलांना पावसापासून वाचवीत होतो. पाणी मात्र आधीच वाटेत होते.

तेव्हापासून मी उलट सांगत आलो आहे. वरच्या अंगाला गडगडाट असेल किंवा तीन तासांचा इशारा आला असेल, तर ओढ्यापलीकडची मुले शाळेच्या पक्क्या खोलीतच थांबवावीत. मात्र शाळाच ओढ्याकाठी सखल जागी असेल, तर आधीच उंचावर न्यावीत. वरच्या गावातील शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावावा व तेथे पाऊस कसा आहे, ते विचारावे. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, पाचोळा व काटक्या वाहून येऊ लागल्या, तर विचारण्यातही वेळ दवडू नये. पालकांना हे जूनच्या पहिल्या सभेतच सांगून ठेवावे. उशीर झाला म्हणून ते रागावतात, कधी दारात येऊन भांडतातही. त्यांनाही आत बसवून घ्यावे आणि पाणी फरशीखाली उतरल्याचे स्वतः पाहून मगच मुलांना मोठ्या माणसांबरोबर पलीकडे धाडावे.