रुळांच्या वाटेनं नको, मने

तुकईथडहून डाबका, पुढे धुळघाट, बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेनं पाठीवर पिशवी टाकून चालत जायचं, असा तुमचा बेत आहे ना? मने, तो आधी डोक्यातून काढ.

मोह मला कळतो गं. धुळघाटाला लाइन स्वतःलाच वळसा घालून चढायची, ते कुणालाही बघावंसं वाटेल. पण ती वाट मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाते. अकोला-खंडवा मीटर गेज २०१७ मध्ये बंद झाली आणि नवी ब्रॉडगेज जंगलाला वळसा घालून न्यायची ठरली, ती जनावरांसाठीच. आता तिथे ना गाडीची शिट्टी, ना माणसांची वर्दळ. सपाट वाट तुला सोयीची, तशी अस्वलालाही सोयीचीच की! शिवाय परवानगीशिवाय आत शिरणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. ‘आम्ही नुसतं चालत होतो’ हे वनरक्षक ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

चालायचंच असेल तर शहानूरच्या बाजूनं नरनाळा किल्ला बघ. नाहीतर सेमाडोह, कोलकासला जा. आपलं गाव मध्य प्रदेशात असलं तरी प्रकल्प महाराष्ट्राचा, तेव्हा बऱ्हाणपूरच्या ओळखी तिथे चालायच्या नाहीत. रीतसर नोंदणी कर, ओळखपत्र जवळ ठेव. गाइड कोरकू मिळाला तर त्याच्या मागे गुमान चाल. तो मध्येच थांबला की तूही थांब. का थांबलो ते नंतर विचार.

मार्च-एप्रिलात येणार असशील तर मोहाची फुलं पडलेली असतात. पहाटे झाडाखाली बाया वेचायला जातात आणि अस्वलंही येतात. त्या वेळी कुठल्याही मोहाखाली फोटोसाठी रेंगाळू नकोस. अत्तर, भडक कपडे, स्पीकर घरी ठेव. काडीपेटीही. वाळक्या सागाच्या पानांना ठिणगी पुरते.

वाघाचा हट्ट मात्र धरू नकोस. हे दऱ्याखोऱ्यांचं, दाट रान. इथला वाघ सहसा दिसत नाही. मी तर म्हणते, रानपिंगळा शोध. नामशेष झाला असं धरलेलं हे छोटं घुबड १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, आणि मेळघाटात ते चांगलं टिकून आहे. दिवसाही बाहेर असतं, म्हणजे तुझ्यासारख्या उशिरा उठणारीलाही संधी आहे.

पुण्याहून तिकीट काढायची घाई नको. आधी आतली नोंदणी झाल्याचं कळव, मग धारणीपर्यंतच्या गाडीचं मी इथून बघते.