तारखांचा क्रमपाठ

चि. सोनूस,


कलमं तोंडपाठ आहेत, पण उलटतपासाला उभी राहिले की धागा सुटतो, असं तू लिहिलंस. तुझ्या स्मरणशक्तीत काही उणं नाही. मेहनत मात्र चुकीच्या जागी होते आहे. कलम पुस्तक उघडून बघता येतं. कशाच्या आधी काय घडलं, हे मात्र साक्षीदार पिंजऱ्यात असताना तुझ्या डोक्यातच हवं.

साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ चं परंतुक घे, म्हणजे जुनं कलम २७. आधी अटक, मग निवेदन पंचनामा, मग आरोपीने दाखवलेल्या विहिरीपासून कोयता जप्त. कागदावर सगळं चोख. आणि उलटतपासात पंच बोलता बोलता सांगून जातो, ‘विहिरीपाशी पोलीस आदल्या दिवशीच आले होते.’ जागा आधीच माहीत असेल तर निवेदनामुळे नवीन शोध लागला कुठे? क्रम मनात पक्का असेल तर तू तिथल्या तिथे त्याला थांबवशील. फाइल चाळत बसलीस तर तो पुढच्या उत्तरावर गेलेला असेल. पुण्यातल्या एका मृत्यूवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेला शरद सारडा खटला तू वाचलाच आहेस. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अखंड हवी, हे १९८४ च्या त्या निकालाने बजावलं. कोणती कडी निसटली ते शोधणं बचावाच्या वकिलाचं काम, आणि ते क्रमावाचून होत नाही.

आता सरावाचं. यादी वरून खाली घोकू नकोस. अशा घोकण्यात सुरुवात आणि शेवट टिकतो, मधलं गळतं. आपले घटनाक्रम तर नेमके मध्येच गुंतागुंतीचे असतात. वेदपाठशाळेतला क्रमपाठ घे: पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं. फिर्याद-घटनास्थळ पंचनामा, घटनास्थळ पंचनामा-अटक, अटक-निवेदन, निवेदन-जप्ती. प्रत्येक जोडीत दोहोंमध्ये किती वेळ गेला तेही म्हण, कारण खोटेपणा बहुतेकदा त्या फटीत सापडतो. मग जप्तीपासून फिर्यादीपर्यंत उलट ये. ते जमलं की मधूनच सुरू कर. न्यायाधीश काही तुला पहिल्या तारखेपासून विचारणार नाहीत!

हे सगळं कागद झाकून, मोठ्याने. अडलीस तरी लगेच डोकावू नकोस, थोडी झगड. पुढे तेच आठवतं. नंतर मात्र मूळ कागदाशी ताडून बघच, कारण चुकीचा क्रमही तितक्याच घट्टपणे पाठ होतो. एका रात्रीत दहा वेळा म्हणण्यापेक्षा आज, उद्या आणि तारखेच्या आदल्या दिवशी एकेकदा म्हण. घटना बऱ्याच असतील तर पाच-सहांचे गट पाड आणि गटांचाही क्रमपाठ कर.

टिपण हातात धरायला लाजू नकोस. साक्षीदारालासुद्धा लेखी नोंद बघून आठवण ताजी करायला कायदा मुभा देतो. शिवाय आधीच्या जबाबातली विसंगती दाखवायची तर कलम १४८ प्रमाणे तो नेमका मजकूर त्याच्यासमोर ठेवावा लागतो. तिथे आठवणीतले शब्द चालत नाहीत. म्हणून प्रत्येक घटनेसमोर निशाणी क्रमांक आणि पान लिही.

पुढच्या तारखेला कोणता साक्षीदार आहे ते कळव. रविवारी फोन कर आणि त्याचा घटनाक्रम मला न बघता म्हणून दाखव, जप्तीकडून मागे.

तुझी,
आत्या